धरमपेठेत आपलं कोण?

फोन आला तेव्हा समृद्धी माझ्या मांडीवर झोपत आली होती. माझा उजवा हात तिच्या मानेखाली अडकला होता, म्हणून फोन खांद्याने कानाशी दाबून मी हळू बोलले. कबड्डी संघटनेच्या ऑफिसातल्या बाई होत्या. आवाज घाईचा, पण रागाचा नव्हे. "अश्विनीताई ना? पंच परीक्षेला तुमचं नाव पक्कं झालंय. नागपूरला, तीन दिवस. जेवणखाण मैदानावर, राहायची सोय मात्र ज्याची त्याने. तुम्ही कुठल्या भागात उतरणार तेवढं कळवून ठेवा, म्हणजे मैदानावर कसं यायचं ते सांगता येईल." मी बरं म्हटलं. फोन बंद झाला तरी मी खांदा कानाला लावूनच बसून राहिले. नाव लागल्याचा आनंद व्हायला हवा होता, आणि तो झालाही. पण त्याला बाजूला सारून त्या बाईंचा प्रश्नच पुढे येऊन उभा राहिला. कुठल्या भागात उतरणार? त्यांनी तो सहज विचारला होता, पाणी हवंय का असं विचारावं तसा. आणि माझ्या लक्षात आलं की एवढ्या वर्षांत मला हे कधी कुणी विचारलेलंच नाही.

आमच्याकडे माणूस परगावी गेला की राहत नाही, उतरतो. आणि उतरतो तो कुणाकडे तरी उतरतो. भोसरीला मावसभावाकडे, चाकणला नणंदेकडे, मंचरला भावकीतल्या कुणाच्या खोलीवर. तिथे भाग नसतो, माणूस असतो. मी लहानपणी पुण्याला कितीदा गेले असेन, पण पुण्यात कुठे गेले होते असं विचारलं तर मला मावशीच्या घरातला हिरवा पडदा आठवतो आणि खिडकीतून दिसणारी समोरच्या बिल्डिंगची भिंत. शहर त्या भिंतीच्या मागे कुठेतरी चालू असायचं, त्याचा आवाज यायचा. आम्ही परत लोणीला येऊन सांगायचो, पुण्याला जाऊन आलो. आणि विचार केला तर आमच्या घरादाराचा सगळा नकाशा हा दिलेल्या मुलींचाच असतो. एक आळ्याला दिली, एक बेल्ह्याला दिली, एक नारायणगावला दिली. जिथे मुलगी दिली ते गाव आपल्याला माहीत. जिथे दिली नाही ते गाव नाहीच. मीही अशीच लोणीहून आळ्याला दिलेली. त्यात वाईट काही झालं नाही. ऋषी चांगला आहे, चाकणच्या कंपनीतून दमून येतो तरी समृद्धीला खांद्यावर घेऊन अंगणात फिरवतो. पण साखरपुड्याच्या आधी घर बघायला आम्ही गाडीतून आलो, आळेफाट्याच्या चौकात एसट्यांच्या गर्दीत गाडी अडकली, तेव्हा काचेला नाक लावून मी नुसती बघत होते. टपऱ्या, ट्रक, ऊस घेऊन उभा एक ट्रॅक्टर. मनात एकच होतं: यातली माझी जागा कुठली असेल? उभी कुठे राहीन मी? घरी पोचल्यावर चुलत्यांनी विचारलं, "काय, आवडलं का गाव?" मी मान हलवली. तोवर सोयरीक ठरल्याचा नारळ फुटून झाला होता.

नागपुरात आमच्यापैकी कुणाचीच मुलगी दिलेली नाही.

संध्याकाळी ऋषीला सांगितलं तेव्हा तो आधी मोठ्याने हसला, मग उठून मला मिठी मारता मारता दारातून आत्या येतायत म्हणून तसाच थबकला. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, कुशाबाई. त्यांना सांगितल्यावर त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "लांब हाय का लई?" ऋषी म्हणाला, "रात्रभराची गाडी. संभाजीनगरच्या पुढं समृद्धी महामार्ग लागतो." आणि माझ्याकडे बघून, "समृद्धीला घरी ठेवून समृद्धीवरनं चालली बघ तुझी सून." आत्यांना तो विनोद कळला नाही, किंवा कळूनही त्यांनी हसायचं टाळलं. "हितं बिबट्या हाय म्हणून पोरीला अंगणात सोडत न्हाई," त्या म्हणाल्या, "आन आई चालली वाघाच्या मुलखात." पण नको म्हणाल्या नाहीत. समृद्धीचं अंगावरचं पिणं आता सुटायलाच आलं होतं. दिवसा वाटीने पिते, फक्त दुपारी आणि निजताना मला शोधते. ते त्यांनाही माहीत होतं. नाना, म्हणजे माझे सासरे कुंडलिक, ताटावरून एवढंच म्हणाले, "कुणाकडं उतरायचं त्ये बघू." बघू म्हणजे मी बघेन. नानांचा तो शब्द घरात सगळ्यांना माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नागपुरात शिरले. समृद्धी झोळीत, झोळीची दोरी माझ्या पायाच्या अंगठ्याला, पाठ भिंतीला आणि फोन हातात. पाय हलत होता, बोट चालत होतं. नकाशा मोठा केला की नुसत्या रेघांचे रस्ते होतात, रस्त्यांना नावं फुटतात, आणि एखाद्या जागी बोट दाबून धरलं की आपण त्या रस्त्यावर उभेच राहतो, कुणीतरी कधीतरी काढून ठेवलेल्या उन्हात. मी आधी बर्डीच्या बाजारात उभी राहिले, कारण सगळे तेच नाव घेतात. तिथे इतकी माणसं होती की मला फोनवरसुद्धा खांदा चुकवावासा वाटला. सदर नावाच्या भागात मोठमोठी झाडं, लांबच लांब कुंपणाच्या भिंती आणि पायी चालणारं कुणीच नाही. अशा रस्त्यावर आपल्या चपलांचा आवाज आपल्यालाच मोठा वाटतो. महाल म्हणून जुनी वस्ती, तिथे गल्ल्या अरुंद, ओट्यावर बसलेली माणसं, आणि ती सगळी एकमेकांना ओळखत असणार हे त्यांच्या बसण्यावरूनच कळत होतं. तिथे माझ्याकडे बघून कुणीतरी विचारणारच, कुणाकडं आलात? रामदासपेठेत दवाखानेच दवाखाने. तिथे मी बराच वेळ रेंगाळले. मनात आलं, ही जागा सोयीची आहे. इथे एकटी बाई दिसली तर लोक म्हणतील पेशंटबरोबर आलीय. कुणी काही विचारणार नाही. आणि मग माझी मलाच लाज वाटली, की ज्या गावात मला कुणीच ओळखत नाही तिथेही मी आधी सबब शोधत होते.

सबबीचं हे मला कॉलेजात असल्यापासून माहीत आहे. आमच्याकडे बाई बाहेर नुसती उभी राहत नाही. तिच्या हातात काहीतरी असतं. पिशवी, डबा, मूल, रेशनकार्ड, निदान मोबाइलचा बिघडलेला चार्जर. हातात काही नसेल तर येणारा-जाणारा विचारतो, "काय गं, कुणाची वाट बघती?" मंचरला कॉलेजच्या मैदानावर सराव संपला की मी एसटीची वाट बघत उभी असायचे, खेळाचे कपडे पिशवीत, आणि ती पिशवी मी मुद्दाम पुढे, पोटाशी धरायचे, म्हणजे लोकांना दिसावं की ही उगाच उभी नाही. मैदानात मात्र हात मोकळे असायचे. मी उजवा कोपरा खेळायचे. चढाईला आलेली मुलगी माझ्याकडे सरकली की तिच्या घोट्याकडे बघत वाकून उभं राहायचं, बोटं पसरून, कशालाही न धरता. गुडघा गेला आणि खेळ सुटला. लग्नानंतर शाळेच्या सरांनी सहज विचारलं, सामन्यांना पंच कमी पडतात, येता का? पहिल्याच सामन्याला नाना मैदानाच्या कडेला भिंतीवर बसून बघत होते. शेवटच्या चढाईत आळ्याच्याच पोराचा पाय रेषेबाहेर गेला, मी शिट्टी वाजवली, आणि आपलं गाव हरलं. पोरं कुरकुरली, एकजण म्हणालासुद्धा, "वैनी, आपलीच हायत की वो!" घरी येताना नाना पुढे चालत होते. बांधापाशी आल्यावर म्हणाले, "पाय बाहेर व्हता." बस, एवढंच. पण त्या दिवसापासून ते ओळखीच्यांना सांगायला लागले, आमची सून शिट्टीवाली.

धरमपेठेत मी पोचले ती तिसऱ्या दुपारी. आधी नुसती बाजारपेठ दिसली, कपड्यांची दुकानं, मिठाईवाले, स्कूटरींच्या रांगा. मग मी आतल्या एका गल्लीत वळले. झाडांची सावली, कडेला बुटकी भिंत, आणि भिंतीवर एक बाई बसलेली. चेहरा पुसट, त्या फोटोंमध्ये सगळ्यांचे चेहरे पुसतात तसा. वय कळेना. जवळ पिशवी नाही, पर्स नाही, मूल नाही. कागदातून काहीतरी खात होती. एक चप्पल खाली काढून ठेवलेली आणि तो पाय वर घेऊन तिने अर्धी मांडी घातलेली. मी चित्र मोठं करून करून बघितलं. चप्पल नीट ठेवलेली नव्हती, उलटी पडली होती. घाबरलेली बाई चप्पल काढत नाही. मी कितीतरी जागी बसलेय, एसटी स्टँडवर, दवाखान्यात, तहसील कचेरीच्या व्हरांड्यात, पण घराबाहेर कुठे मी पाय वर घेऊन बसलेय असं मला आठवेना. त्या बाईला माहीतही नसेल की कुणी तिचा फोटो काढून नेला, आणि लांब आळ्यात एक बाई झोळी हलवत तिच्या पायाकडे टक लावून बघतेय. समृद्धी झोळीत कुशीवर वळली, दोरीला हिसका बसला. मी त्याच गल्लीच्या आसपास राहायच्या जागा शोधल्या, आणि एक बायकांसाठीचं वसतिगृह सापडलं, बाहेरगावच्यांना दोन-चार दिवस खोली देणारं. फोन लावला. "एकट्याच का?" पलीकडच्या बाईने विचारलं. "एकटीच," मी म्हटलं. "मग वरची खोली देते. हवा छान येते." प्रश्न तिथेच संपला. एकटीच का याच्यापुढे हवा येते असंही म्हणता येतं, हे मला नवीन होतं.

"कुणाशी बोलतीस?" आत्या दारात उभ्या होत्या, हातात निवडायच्या गव्हाचं सूप. मी सांगितलं. त्या आत आल्या, सूप खाली ठेवलं आणि माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसल्या. मग म्हणाल्या, "दाव."

मी त्यांना गल्लीच्या तोंडाशी उभं केलं. "हे नागपूर?" "हो." "आन ही सावली कशाची?" "झाड आहे आत्या, वर बघा." मी बोटाने चित्र वर केलं. कडुनिंब होता. त्यांनी खरंच मान वर केली. मी पुढे चालायला लागले तशा त्या म्हणाल्या, "अगं हळू चल की. पळती काय?" मी हळू चालले. एका घराच्या फाटकाशी त्यांनी थांबवलं. तुळस कुठे दिसते का बघितलं. एका दुकानाच्या पाटीवरचं मला वाचायला लावलं. एक कुत्रं झोपलं होतं, त्याला वळसा घालायला सांगितलं. आणि मी घातला, बोटाने, गंभीरपणे. मग ती भिंत आली. आत्यांनी त्या बाईकडे बघितलं. मी काहीच बोलले नव्हते, पण त्यांची नजर नेमकी त्या चपलेवर गेली. "निवांत बसलीय बया," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, "थांब. हितं आपुनबी बसू जरा."

आम्ही बसलो. फोन माझ्या हातात, दोघींचे खांदे एकमेकींना लागलेले, पायाच्या अंगठ्याला झोळी. आत्या बेल्ह्याच्या. तिथून आळ्याला दिलेल्या. बेल्हे ते आळे हा त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रवास, आणि तो अर्ध्या तासाचा. एरवी देवाला गेल्या त्या ट्रॅक्स गाडी भरून, धर्मशाळेत बायकांच्या रांगेत झोपल्या. मला एकदम त्यांच्याबद्दल असं काही वाटलं की ती माया होती की दुसरंच काही, मला सांगता येणार नाही. त्या दुपारी त्या नागपुरात होत्या. नंतर समृद्धी जागी झाली, त्या सूप घेऊन उठल्या आणि जाताना म्हणाल्या, "पोरगी रडली तर मी फोन करणार न्हाई. तूबी सारखा करू नको."

नाना त्या संध्याकाळी खुशीत आले. आळेफाट्याला मदनलालशेठच्या दुकानात गेले होते. शेठचं घराणं राजस्थानातलं, पण पिढ्यान् पिढ्या इथे. आमच्यापेक्षा शुद्ध मराठी बोलतात, आणि त्यांचे नातेवाईक कुठे नाहीत असं गाव नाही. "झालं बघ काम," नाना पायरीवरूनच म्हणाले. "शेठची चुलत बहीण दिलीय नागपूरला. चार मजली घर. त्यांनी लगेच फोन लावला. म्हणले, कुंडलिकभाऊंची सून ती आमची सून. स्टँडवर गाडी पाठवत्याल, तीन दिवस घरच्यावानी ऱ्हा, परत गाडीत बसवून देत्याल." मी ताटं घेत होते, तशीच थांबले. डोळ्यांसमोर एक खिडकी आली आणि तिच्यापुढे भिंत. "कुठं राहतात?" ऋषीने विचारलं. "इतवारी," नाना म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांचा चेहरा बदलला. शब्द तोंडातून बाहेर पडल्यावर तो त्यांना आता प्रथमच ऐकू आला होता. "इतवारी म्हंजी... रविवारी भरणारा बाजार की रं. आन हिची परीक्षा कंच्या वारी?"

"शुक्रवार ते रविवार," ऋषी म्हणाला.

"मग? शुक्रवारी त्या बाजारात कोण असणार? कुत्रं फिरत नसंल." नानांचं सगळं आयुष्य बेल्ह्याच्या बैलबाजारात गेलेलं. सोमवारी तिथे उभं राहायला जागा नसते, आणि मंगळवारी जाऊन बघावं तर नुसत्या खुंट्या, शेण आणि वारा. कुठलंही गाव त्यांना असंच दिसतं, एक दिवस भरलेलं आणि बाकीचे दिवस ओकंबोकं. "चार मजली घर असंल, पण आजूबाजूला सामसूम. न्हाई न्हाई. एकली बाईमाणूस. मी शेठला सांगतो, जमत न्हाई म्हणून."

मी नुसती गप्प राहिले असते तरी पुरे होतं. आत्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. त्यांच्याही ते लक्षात आलं असावं. इतवारीचा निकाल नानांनी स्वतःच लावला होता. आता मी हळूच, दोन दिवसांनी, काही इलाज नाही म्हणून वसतिगृहाचं नाव काढलं असतं आणि ते मान्य झालं असतं. मी नाही म्हणायची गरजच नव्हती. घरातल्या कितीतरी गोष्टी मी अशाच मिळवल्या आहेत, न मागता, बाजूने. त्यात मी पटाईत आहे, सगळ्याच बायका असतात. पण त्या क्षणी माझ्या छातीत काहीतरी ताठ उभं राहिलं. पाय रेषेच्या आत होता. आत असलेला पाय बाहेर ठरवून जिंकलेला सामना मला नको होता.

"नाना, तिथं रोज बाजार असतो," मी म्हटलं. "नाव तेवढं वाराचं राहिलंय. मोठी पेठ आहे ती, रोज माणसांनी भरलेली. सामसूम अजिबात नाही."

"असं व्हय?" नाना खूश झाले. "मग तर झालंच की."

"पण मी तिथं नाही उतरणार."

ताटातली वाटी कुणीतरी सरळ केली. ऋषी माझ्याकडे बघत होता, नाना माझ्याकडे बघत होते. मी हातातली ताटं खाली ठेवली. "मी धरमपेठेत खोली बघितलीय. बायकांचं वसतिगृह आहे. मैदानावर जायला सोपं पडतं. बोलून झालंय माझं."

"धरमपेठेत आपलं कोण हाय?" नानांनी विचारलं. रागाने नाही. त्यांना खरंच माहिती हवी होती. एखादी भावकी राहून गेली की काय, आपल्या ध्यानातून सुटलेली.

"मी असेन ना," मी म्हटलं.

नानांनी मिशीवरून हात फिरवला. शेठला शब्द देऊन आले होते, तो परत घ्यायचा म्हणजे त्यांना जड होतं, हे मला कळत होतं. ते म्हणाले, "तू कवा बघितलंस? आपुन कुणीच बघितल्यालं न्हाई त्ये गाव." आणि तेव्हा आत्या चुलीपासून मान न वळवता म्हणाल्या, "मी बघितलंय. बरं हाय."

"तू?" नाना. "तू कवा गेली व्हतीस नागपूरला?"

"आज दुपारी," आत्या म्हणाल्या. "कडुनिंब हाय. सावली हाय. बायामाणसं निवांत बसत्यात. वाढू का आता?"

ऋषीला ठसका लागला. नाना आधी आत्यांकडे, मग माझ्याकडे, मग पुन्हा आत्यांकडे बघत राहिले, आणि त्यांच्या मिशीखाली हसू आलं. "पेठ म्हंजी बी बाजारच की," ते म्हणाले. "असू दे. बाजारातच ऱ्हा." जेवण झाल्यावर हात धुताना ते मला म्हणाले, "शेठला मी कसं सांगू?" मी म्हटलं, "मी सांगते."

दुसऱ्या दिवशी समृद्धीला कडेवर घेऊन मी दुकानात गेले. मदनलालशेठ मापात गहू घालत होते, त्यांच्या पत्नी धापूबाई गल्ल्यावर बसल्या होत्या. मी सांगितलं, शब्द शोधत, आभार मानत. शेठ म्हणाले, "अहो वहिनी, परक्या ठिकाणी कशाला? घरचं अन्न मिळालं असतं." पण धापूबाईंनी समृद्धीला माझ्याकडून घेतलं, तिच्या हातावर खडीसाखर ठेवली आणि म्हणाल्या, "जाऊ द्या हो तिला. आमचं बघ ना. जाऊ त्या गावात आमचं कुणीतरी आधीच जाऊन बसलेलं. देवदर्शनाला जा, लग्नाला जा, उतरायचं कुठं ते ठरलेलं. मला कधीकधी वाटतं, ज्या गावात आपल्या ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही असं एखादं गाव बघावं." शेठ म्हणाले, "ऐका!" सगळे हसले. निघताना धापूबाईंनी नणंदेचा नंबर मला लिहून घ्यायला लावला. "उतरू नको. पण नंबर असू दे." मी घेतला. त्यात मला कमीपणा वाटला नाही.

त्या सोमवारी ऋषीने नानांना मोटारसायकलवरून बेल्ह्याच्या बाजारात नेलं होतं. घरी येऊन त्याने ते मला सांगितलं, हातपाय धुवायच्याही आधी. टेंपोपाशी चहा पिताना गेणभाऊ म्हणून नानांचे जुने सोबती आहेत, त्यांनी विचारलं, "सूनबाई नागपूरला चालल्या म्हणं. कुणाकडं?" नानांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "कुणाकडं न्हाई. तिनं धरमपेठ घेतलीय." गेणभाऊंनी डोळे मोठे केले. "घेतली? राव, केवढ्याला?" आणि सगळा घोळका हसला, पण नाना हसले नाहीत. "तुला न्हाई परवडायची," ते म्हणाले. ऋषी हे सांगत होता आणि मी चपात्या लाटत होते. चपाती वेडीवाकडी झाली. मी पाठमोरीच राहिले, कारण माझा चेहरा त्या वेळी कसा झाला असेल याची मला कल्पना नव्हती.

निघायच्या दिवशी समृद्धी रडली नाही. तिने आत्यांच्या कडेवरून मला हात केला, जसा ती दुधाच्या गाडीला करते. रडले मी, गाडी सुटल्यावर, आणि तेही थोडंच. पहाटे महामार्गावर जाग आली तेव्हा छाती दुधाने दगडासारखी भरली होती. शरीराला नकाशा कळत नाही. ते अजून आळ्यातच होतं. ओढणी आवळून धरत मी खिडकीबाहेर बघत राहिले. सपाट जमीन, कापसाची शेतं, लांब कुठे एकच दिवा. दुखणं आणि अभिमान एकाच जागी, एकाच वेळी असू शकतात, हे मला तोवर माहीत नव्हतं; मला वाटायचं एक आलं की दुसरं उठून जातं.

धरमपेठेत रिक्षा थांबली आणि मी खाली उतरले. गल्ली तीच होती आणि तीच नव्हती. बुटकी भिंत पाडून तिथे लोखंडी कुंपण आलं होतं. कडुनिंबाची एक फांदी छाटलेली. घरांचे रंग वेगळे. फोनमधलं ऊन किती जुनं होतं कोण जाणे. ज्या जागेसाठी मी घरात एवढं बोलले होते ती जागा इथे नव्हतीच. मग वसतिगृहाच्या बाईंनी फाटक उघडलं, "या, आळेफाटावाल्या ना?" म्हणाल्या, वरच्या खोलीची किल्ली दिली. खोलीत खरंच हवा येत होती. मी दूध पिळून मोरीत सोडलं, आंघोळ केली, आणि मैदानावर जायला अवकाश होता म्हणून खाली उतरून चालायला लागले. बोटाने नाही, पायाने. कुठेही जायचं नव्हतं. तर्री पोह्यांच्या गाडीवर उभी राहून पोहे खाल्ले, वरच्या तिखट रश्श्याने डोळ्यांत पाणी आलं. वाचनालयाची पाटी वाचली. दुसऱ्या गल्लीत फूलवाली आणि तिच्या समोर दातांचा दवाखाना, पाटीवर माणसाएवढा दात. एकदा चुकले, परत आले. कुणी काही विचारलं नाही.

लेखी परीक्षा दिली, पेपर बरा गेला. संध्याकाळी परत आले तेव्हा चौकात रिक्षांची गर्दी होती आणि कोपऱ्यावर एक म्हातारी बाई गालाला पदर दाबून उभी होती. बरोबर तिचा नवरा, हातात कापडी पिशवी, दोघंही लांबच्या खेड्यातून आलेली दिसत होती. चौकात इतकी माणसं होती, पोरं, दुकानदार, रिक्षावाले. ती सगळ्यांवरून नजर फिरवून माझ्याकडे आली.

"बाई, दाताचा दवाखाना कोणीकडं आहे जी?"

"हा चौक ओलांडा," मी म्हटलं, "वाचनालयाची पाटी लागेल. तिच्यापुढची गल्ली, पहिली नाही, दुसरी. पहिलीत जाऊ नका, ती बंद आहे पुढे. कोपऱ्यावर फूलवाली बसते, तिच्या समोरच."

म्हाताऱ्याने ते पुटपुटत एकदा म्हणून बघितलं. म्हातारीने गालावरचा पदर काढला, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "इथंच राहता का तुम्ही?"

"हो," मी म्हटलं. "परवापर्यंत."